खडी पेरलेला डबा

कृष्णाबाईंनी निवडुंगाला बोट लावलं आणि बोट सरळ आत गेलं.

काटे चुकवून दोन शिरांच्या मधोमध त्या रोज असंच बोट लावून बघत. कालपर्यंत तिथं कैरीसारखं टणक लागायचं. आज साल फाटली, आतून पिवळट पाणी आलं आणि मोठ्या मोसंबीएवढा तो गोंडा डब्यात एका अंगावर बसला. वरून पाऊस चालूच होता. भांडुपच्या टेकडीवरच्या त्या बैठ्या चाळीत आषाढात पाऊस नाही असा तास मिळणं कठीणच.

"अनंता! अरे अनंता, भायर ये!"

त्यांचा मुलगा अनंत तोंडात ब्रश धरून ओट्यावर आला. त्यानं वाकून बघितलं आणि नाक दाबलं.

"मेला हा, आई."

"मेलो कसो? काल बघलंय तर चांगलो टवटवीत होतो!"

"टवटवीत नव्हता, फुगला होता. काय घालत होतीस याला?"

कृष्णाबाईंनी पदराला बोट पुसलं. काय काय घातलं ते सांगायचं तर यादी बरीच लांब होती. सकाळी तुळशीला घालून तांब्यात उरलेलं पाणी. दुपारी तांदळाचं धुवण. आणि सगुणा कोळीण खाडीची मासळी देऊन गेली, की मासे धुतलेलं पाणी. कुडाळकडच्या त्यांच्या गावात माड असो, मिरची असो की कढीलिंब, माशाच्या पाण्यासारखं खत नाही हे शेंबड्या पोरालाही ठाऊक. ते पाणी मोरीत ओतणारी सून म्हणजे घरबुडवी. निवडुंगालाही त्यांनी पंधरा दिवस तेच पाजलं होतं, आणि तेही अगदी जीव लावून.

"रत्ना काय म्हणेल आता?" अनंत म्हणाला आणि ब्रश पुन्हा तोंडात घालून आत गेला. पुरुषांचं हे एक बरं असतं. प्रश्न विचारायचा आणि आंघोळीला जायचं.

रत्ना म्हणजे रत्नप्रभा, त्याची बायको. माहेर सांगोल्याचं. तिचे वडील एसटी डेपोत मेकॅनिक. डेपोच्या कुंपणाला लागून ऑइलच्या रिकाम्या डब्यांतून त्यांनी तऱ्हेतऱ्हेचे निवडुंग वाढवले होते. फेब्रुवारीत लग्न झालं, तेव्हा इतर नवऱ्या भांडीकुंडी घेऊन येतात, ही मांडीवर काटेरी गोंड्याचा डबा घेऊन टेम्पोतून उतरली. सगळी चाळ बघायला जमलेली. कृष्णाबाईंच्या तोंडून निघून गेलं, "काटेरी झाड दारात? घरात भांडणां लागतत, बाय."

सुनेनं पदर खोचला. डबा उचलून तिनं मोरीच्या मागे नेऊन ठेवला.

मुलुंडच्या एका कंपनीत ती औषधांच्या पॅकिंगला जायची. संध्याकाळी आली की चपला काढायच्या आधी मोरीच्या मागे. एकदा कृष्णाबाई भांडी विसळत होत्या, तर पलीकडून बारीक आवाज आला. रत्ना त्या काट्याला दिवसभराचं सांगत होती. मुकादमीण कशी खेकसली, डबा कुणाबरोबर खाल्ला, सगळं. कृष्णाबाईंच्या हातातलं पातेलं हातातच राहिलं. स्वतः त्या सोळाव्या वर्षी कुडाळहून आल्या तेव्हा त्यांनी अबोलीचं रोप आणलं होतं. ते कुणी मागे ठेवायला लावलं नव्हतं. त्यांना इतकं वाईट वाटलं की दुसऱ्या दिवशी पहाटे त्यांनी स्वतः डबा उचलला आणि पुढच्या ओट्यावर तुळशीच्या शेजारी आणून ठेवला. त्या दिवशी सुनेनं न सांगता दोन नारळ खवून ठेवले. चटणीला अर्धाही पुरला असता.

मग आषाढ लागला. लग्नानंतरच्या पहिल्या आखाडात सून सासूसमोर नको म्हणून सांगोल्याकडे तिला माहेरी नेतात. वडील न्यायला आले. निघताना रत्ना म्हणाली, "आई, बघा हं याच्याकडं."

बस, एवढंच. पाणी घालू नका, असं ती म्हणाली नाही. कशाला म्हणेल? जिथं प्यायच्या पाण्याला टँकरची वाट बघतात तिथं निवडुंगाला पाणी घालू नका हे कुणी कुणाला सांगत नाही. आणि कुडाळात झाडाकडे बघा म्हटलं की पाणी घाला, हेही कुणी वेगळं सांगत नाही. दोघींचंही बरोबर होतं आणि झाड मेलं होतं.

कृष्णाबाई ओट्यावर बसून राहिल्या. झाड गेल्याचं दुःख होतंच, पण धास्ती वेगळीच होती. 'काटेरी झाड दारात नको' हे चाळीसमोर कोण म्हणालं होतं? आपणच. आता सून महिनाभर गावाला गेली आणि नेमकं झाड मेलं. मुद्दाम मारलं नाही, लाड करून मारलं, हे कोण खरं मानणार? रत्ना तोंडावर काही बोलायची नाही. ती मनात ठेवेल आणि पुन्हा कधी दोन नारळ खवणार नाही.

श्रावण लागायला चौदा दिवस होते.

दहाच्या सुमाराला सगुणा टोपली घेऊन आली. वीस वर्षं ती या चाळीत मासळी विकत होती आणि कृष्णाबाईंना एकेरीत बोलत होती.

"अगो बाय, यो त कुजला!" ती म्हणाली. "काय घातलंस याला?"

सगुणासमोर खोटं बोलण्यात अर्थ नव्हता. कृष्णाबाईंनी सांगितलं. सगुणानं टोपली खाली ठेवली ती नीट हसता यावं म्हणूनच.

"काट्याला म्हावऱ्याचा पानी! कृष्णे, उद्या त्याला जेवाया पण बशिवशील!"

"हसा नको गे. सून येतली. माका अस्सोच दुसरो व्हयो."

सगुणानं डोळे पुसले. "माजी लेक दिंडोशीला म्हावरा इकते. तिकरं खाणीजवळ एक म्हातारा हाय, लहू. त्याचे दारात असलं काटं लय हाय. भर पावसात, उघऱ्यावर. तू जा त्याचेकरं."

दुसऱ्याच दिवशी कृष्णाबाई मेलेला निवडुंग प्लास्टिकच्या पिशवीत घालून निघाल्या. दोन बस बदलल्या. बसमध्ये शेजारच्या बाईनं दोनदा पिशवीकडे बघितलं आणि तिसऱ्यांदा जागा बदलली.

नव्या वसाहतीच्या मागे दगडाची बंद पडलेली खाण होती. लहू तिथं तीस वर्षं मुकादम होता. खाण बंद झाली तरी तो तिथंच राहिला. त्याच्या खोलीपुढे खडीचा उतरता ढीग होता आणि त्या ढिगावर निवडुंगच निवडुंग. गोल, उभे, पसरट, केसाळ. वर छप्पर नाही की ताडपत्री नाही. पाऊस धो धो कोसळत होता, आणि ते सगळे न्हायला बसल्यासारखे हिरवेगार, टणक. कृष्णाबाई छत्री वाकडी करून बघतच राहिल्या. खांद्यावर पाणी पडतंय हेही त्यांच्या लक्षात आलं नाही.

"आत या, भिजताय," म्हातारा दारातून ओरडला.

त्यानं पिशवी उघडली, वास घेतला आणि पिशवी लांब धरली.

"मच्छी?"

"थोडीशी."

"बाई, याला पुरायचं की तळायचं?"

कृष्णाबाईंना हसू आलं आणि रडूही आलं. त्यांनी सगळं सांगून टाकलं. सून, मोरीची मागची बाजू, आखाड, सगळं. लहू ऐकता ऐकता मेलेल्या गोंड्याच्या शिरा मोजत होता.

"आहे माझ्याकडं असाच एक. पण मी विकत नाही."

"मगे असोच द्या."

लहूनं मान वर करून पाहिलं. असं थेट मागणारं माणूस त्याला बऱ्याच दिवसांत भेटलं नसावं.

"देईन. पण तुमचा हात पाण्याचा आहे. आज दिला तर आठ दिवसांनी हीच पिशवी घेऊन याल. पाऊस याचं काही वाकडं करत नाही, बघताय ना? पडतो आणि निघून जातो. पायाशी थांबला की मात्र संपलं. घरात कोंडून ठेवायची गरज नाही. पाण्याला जायला वाट ठेवायची, एवढंच."

त्यानं एक रिकामा डबा घेतला. खिळा ठोकून बुडाला सात-आठ भोकं पाडली. खाली विटांचे तुकडे, वर खडी, मग कुटलेल्या शिंपल्या आणि मूठभर माती. डबा भरला आणि कृष्णाबाईंच्या पुढे सरकवला.

"आणि झाड?"

"झाड आठ दिवसांनी. आधी हा दारात ठेवा, तुळशीच्या शेजारी. तुळशीला रोज घाला. याला एक थेंबसुद्धा नाही. वरून पडेल ते देवाचं, त्याचा हिशेब नाही."

"रिकाम्या डब्याक मी पाणी कित्याक घालीन? खुळी काय मी?"

"घालाल," लहू म्हणाला.

असला खडूस म्हातारा! परतीच्या बसमध्ये मांडीवर खडी घेऊन कृष्णाबाई त्याला मनातल्या मनात शिव्या घालत होत्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी तुळशीला पाणी घातलं, डोळे मिटून हात जोडले, डोळे उघडले, आणि तांब्यातलं उरलेलं पाणी डब्यात गेलेलं होतं. हात आपणहून वळला होता. पन्नास वर्षांचा वळलेला हात तो. त्यांनी इकडे तिकडे बघितलं. शेजारच्या दारात शेवंती उभी होती. चाळीत काही झालं आणि शेवंती दारात नाही असं कधी झालं नव्हतं.

"मावशी, खडी पेरली काय? किती दिवसांत उगवते हो?"

"बिल्डिंग उगवतली! तू आत जा!" कृष्णाबाई खेकसल्या.

त्यानंतर त्यांनी एक युक्ती केली. तुळशीला घालून झालं की डाव्या हातानं उजवं मनगट घट्ट धरायचं आणि तसंच आत यायचं. चोर पकडून आणावा तसा हात घरात आणायचा. अनंत एकदा म्हणाला, "आई, हाताला काय झालं?" तर म्हणाल्या, "खोड लागली हा त्याका." मासे धुतलेलं पाणी शेवंतीच्या मिरच्यांना जाऊ लागलं. मिरच्या अशा लागल्या की शेवंतीच्या तोंडाची टकळी दोन दिवस बंद राहिली. कृष्णाबाईंना गंमत वाटू लागली. भर पाऊस थांबला की त्या खडीत बोट खुपसून बघायच्या. तासाभरात खडी नुसती दमट. पाणी खरंच निघून जात होतं. हे त्यांना कुणालातरी सांगावंसं वाटे, पण सांगायचं कुणाला?

आठव्या दिवशी त्या डबा घेऊन दिंडोशीला गेल्या.

"किती वेळा घातलंत?" लहूनं विचारलं.

"पयल्या दिवशी एकदा. मगे नाय. देवाशप्पथ."

लहू पहिल्यांदा हसला. "सगळे म्हणतात एकदाही नाही. द्या इकडं."

त्यानं ढिगावरून एक गोंडा उचलून डब्यात लावला. शिरा तेवढ्याच, काटे तसेच पिवळे, मधला काटा तसाच किंचित वाकडा. कृष्णाबाईंनी चारही बाजूंनी बघितलं आणि त्यांचा जीव भांड्यात पडला.

"तुमच्या सुनेच्याला फूल कसलं यायचं?"

"माका काय म्हायत? मी कधी बघलंय?"

"मग ते नशिबावर. हा माझ्याकडं अजून फुललेला नाही."

श्रावण लागला आणि रत्ना आली. सामान ठेवून आधी ओट्यावर गेली. खाली बसली. डबा एकदा सगळीकडून फिरवून बघितला. कृष्णाबाई आत डाळ निवडत होत्या. खडे डाळीत राहत होते आणि डाळ केरात जात होती.

"आई, डबा नवा?"

"जुनो गंजलो."

"आणि खडी?"

"पाणी थांबूक नये म्हणान."

"हे कुणी सांगितलं तुम्हाला?"

"सांगूक कित्याक व्हया? डोळे आसत माका."

रत्नानं डबा पुन्हा जागेवर सरकवला. मग पदर खोचून म्हणाली, "चहा टाकते." कृष्णाबाईंनी मोठा श्वास सोडला. जमलं!

पाऊस पडत राहिला. गणपती आले, गेले. निवडुंग ओट्यावर उघड्यावर उभा होता आणि दिवसेंदिवस गुटगुटीत होत होता. कृष्णाबाई आता चाळीत झाडांच्या डॉक्टर झाल्या होत्या. कुणाच्या कुंडीत पाणी साचलेलं दिसलं की थांबून सांगायच्या, "भोक पाड आधी. पाण्याक वाट दी." घरात मात्र भांडण म्हणून झालं नव्हतं. काट्यांचा काही उपयोग दिसत नव्हता.

घटस्थापनेच्या सुमाराला गोंड्याच्या माथ्यावर लोकरीचा एक बोळा दिसू लागला. चार दिवसांत त्याची कळी झाली. आणि रविवारी सकाळी, ऊन ओट्यावर आलं तसं, फूल उमललं. झाडापेक्षा मोठं वाटावं असं, गुलाबी, मऊ, चकचकीत पाकळ्यांचं.

"रत्ना! अनंता! धावा रे! इला! फूल इला!"

कृष्णाबाईंचा आवाज टेकडीच्या खालच्या नळापर्यंत गेला. चाळ जमली. अनंत अर्धी दाढी घेऊन बाहेर आला. पोरं, बाया, पलीकडच्या खोलीतले भाऊराव, सगळे. भर पावसाळा उघड्यावर काढून काट्याला फूल आलं होतं. कृष्णाबाई लग्नघरातल्या यजमानीणबाईसारख्या सगळ्यांना वाट करून देत होत्या.

तेवढ्यात शेवंती पुढे वाकली.

"अगं रत्ना, तू तर नळावर म्हणाली होतीस पिवळं येतं! बाबांच्या डेपोत सगळे पिवळेच, म्हणालीस ना?"

कृष्णाबाई वाट करून देता देता थबकल्या. फुलाचा रंग! अख्ख्या चाळीला माहीत होता आणि त्यांनी एकदाही विचारला नव्हता. सगळे रत्नाकडे बघत होते. रत्ना फुलाकडे बघत होती. मग तिनं मान वर केली, सासूकडे एकदा पाहिलं आणि शेवंतीला म्हणाली, "पिवळंच येतं हो तिकडं. तिकडं पाणी कुठंय? इथं सासरचं पाणी मानवलं त्याला. रंग चढला."

"असं होतं खरं," शेवंती म्हणाली. "लग्न झाल्यावर माझा पण रंग उजळला होता."

"कधी?" तिचा नवरा मागून म्हणाला, आणि चाळ हसत हसत पांगली.

कृष्णाबाई आत गेल्या. स्टोव्ह पेटवला, चहाचं आधण ठेवलं, साखर घातली आणि पुन्हा साखर घातली. पाणी मानवलं म्हणे! अडीच महिन्यांत त्यांनी त्याला एक थेंब घातला नव्हता.

रत्ना स्वयंपाकघराच्या उंबऱ्यात येऊन उभी राहिली.

"आई."

"काय गो?"

"ज्यांच्याकडनं आणलात, त्यांच्याकडं पिवळा मिळेल का?"

कृष्णाबाईंनी मागे वळून बघितलं नाही. स्टोव्ह फरफरत होता.

"कधी कळला तुका?"

"आले त्याच दिवशी. माझ्याच्या पाठीला शेळीनं तोंड लावलेलं होतं. खाली मातीलगत खड्डा होता, वाकून बघितल्याशिवाय दिसायचा नाही."

"मगे बोललंस नाय ती?"

"बोलणारच होते," रत्ना म्हणाली. "दुसऱ्या दिवशी सकाळी खिडकीतनं बघितलं. तुम्ही तुळशीला पाणी घातलं आणि उजवा हात डाव्या हातानं धरून आत आलात. तिसऱ्या दिवशी पण तसंच. मग काय बोलू?"

कृष्णाबाईंच्या डोळ्यांत पाणी आलं. त्यांनी ते पदरानं पुसलं आणि सांगूनच टाकलं.

"माशाचा पाणी घातलंय गो मी त्याका. पंधरा दिवस. जीव लावन घातलंय."

रत्नानं आ वासला. "माशाचं?"

"होय तर."

"निवडुंगाला?"

रत्ना जी हसत सुटली ती खाली बसलीच. हसता हसता तिच्या डोळ्यांतून धारा लागल्या. "बाबांना पत्रात लिहू का?"

"लिवलंस तर बघ!" कृष्णाबाई म्हणाल्या, पण त्यांनाही हसू आवरेना. चहा उतू गेला तेव्हा कुठं दोघी भानावर आल्या.

"फुडल्या आयतवारी जाऊया दिंडोशीक," कृष्णाबाई चहा गाळत म्हणाल्या. "पण म्हातारो लय खट आसा. पयलो तुका रिकामो डबो देतलो. आठ दिवस दारात ठेवक सांगतलो, पाणी घालू नको म्हणान."

"मी? मी सांगोल्याची आहे, आई. रिकाम्या डब्याला मी कशाला पाणी घालीन?"

कृष्णाबाईंनी कप तिच्या हातात दिला.

"घालशीत," त्या म्हणाल्या. "आता तू हयचीच."